मागची बॅटरी खरंच गेली का? कॅम्पर गाडीतली तपासणी आणि बदली

रात्री दीड-दोनला फ्रीज बंद पडतो, सकाळी दही आंबलेलं असतं आणि घरातलं कुणीतरी निकाल देतं, "बॅटरी गेली." बहुतेक मंडळी त्याच दिवशी दुकान गाठतात. दुकानदारही नाही म्हणत नाही, त्याला विकायचीच असते. त्या दुकानाची पायरी चढण्याआधी वाचता यावं म्हणून हे लिहितोय.

माझी सगळी नोकरी रेल्वेच्या सोलापूर विभागात, ट्रेन लायटिंगमध्ये गेली. डब्याखाली ११० व्होल्टचा बॅटरीसंच लटकलेला असतो, एसी डब्याचा तर ११०० एएचचा (एएच म्हणजे अँपिअर-तास, किती अँपिअर किती तास मिळतील त्याचा गुणाकार). डबे तपासायच्या पिट लाइनवर बसून सेलमागून सेल हायड्रोमीटर (अ‍ॅसिडची घनता मोजणारी नळी) लावत जायचं आणि वहीत आकडे उतरवायचे, हे काम इतकं केलंय की आजही बॅटरी दिसली की हात खिशात पेन शोधतो. निवृत्तीनंतर मिनी बसचा सांगाडा घेऊन गाडी बांधून घेतली. मागे दोन बाक, रात्री त्यांचा पलंग होतो. १२ व्होल्टवर चालणारा छोटा फ्रीज, दोन पंखे, एलईडी दिवे, पाण्याचा पंप आणि छतावर २०० वॅटचं सोलर. इंजिन सुरू करणारी बॅटरी पुढे, आणि हे सगळं ओढणारी १०० एएचची ट्यूब्युलर (नळीदार प्लेटांची, पाणी घालायची शिशाची) बॅटरी मागे बाकाखाली. पुढची बॅटरी क्षणभर भरपूर करंट देण्यासाठी बनवलेली असते, मागची तासन्‌तास थोडा थोडा देण्यासाठी. एकीच्या जागी दुसरी बसवली की दोन्ही लवकर मरतात.

लक्षणं

पंप सुरू झाला की दिवे मंद होणं, इन्व्हर्टरने टीं-टीं करणं, ही सगळ्यांना कळणारी लक्षणं. मला जास्त खरं वाटतं ते लक्षण वेगळंच आहे. रात्रभर फ्रीज चालवूनही सकाळी साडेनऊलाच सोलर कंट्रोलर (पॅनेलमधून बॅटरीत जाणारा चार्ज सांभाळणारा डबा) "फुल" दाखवायला लागतो. आमच्या शेजारच्या पोराने ते बघून मला सांगितलं होतं, "काका, सोलर लई भारी बसलंय की ओ, तासात बॅटरी भरली!" भरली नव्हती. बॅटरीत जागाच उरली नव्हती. झटकन भरणारी आणि झटकन रिकामी होणारी बॅटरी म्हणजे क्षमता गेलेली बॅटरी.

एका लक्षणाला मात्र तपासणी वगैरे काही नाही. चार्ज होताना बॅटरी हात लावता येणार नाही इतकी गरम, कुशीला फुगलेली किंवा कुजलेल्या अंड्यासारखा वास येत असेल, तर चार्जिंग बंद करा, सगळी दारं उघडा, बाहेर या आणि ती निवेपर्यंत आत काहीही चालू-बंद करू नका. बिडी-सिगारेट तर नाहीच. चार्ज होताना निघणारा हायड्रोजन हवेत ४ टक्के झाला की ठिणगीला पेट घेतो. अशी बॅटरी थेट बदलायची.

आधी टर्मिनल, मग मीटर

क्लॅम्प हाताने हलवून बघा. हलला तर तिथेच निम्मं उत्तर मिळालं. पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल तर पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने धुवा, कोरडं करा, नट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. जेली आवळल्यानंतर लावायची, मध्ये नाही.

आता व्होल्टेज. बॅटरी पूर्ण चार्ज करा, मग सोलर, चार्जर, फ्रीज सगळं तोडून रात्रभर तशीच ठेवा. चार्ज संपल्या संपल्या मीटर लावला तर मेलेली बॅटरीही १३ दाखवते. त्या आकड्यावर दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघंही फसतात. सकाळी शिशाच्या बॅटरीने १२.६ ते १२.८ दाखवलं तर भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे पाव. पूर्ण चार्ज करून, रात्र थांबूनही १०.५ च्या आसपासच राहिली, तर सहापैकी एक सेल शॉर्ट झालाय: प्रत्येक सेल २.१ व्होल्टचा, एक वजा केला की तेवढेच उरतात.

झाकणं उघडता येणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटर लावा. चष्मा घाला, जुना शर्ट घाला. पाण्याची घनता हजार धरली तर ट्यूब्युलर बॅटरी पूर्ण भरली की बहुधा बाराशे चाळीस दाखवते, गाडीची साधी बॅटरी बाराशे साठ ते ऐंशी. आपल्याकडे एक गोष्ट विसरू नका. हे आकडे २७ अंशांचे असतात. सोलापुरात मे महिन्यात बाकाखालचं अ‍ॅसिड सहज ४२ अंशांवर असतं, आणि तापलेलं अ‍ॅसिड पातळ दिसतं. दर १० अंशांना ७ पॉइंट मिळवायचे. म्हणजे दुपारी १२३० दिसलं तर ते खरं १२४० आहे, बॅटरीला दोष देऊ नका. माझ्या बॅटरीचे पाच सेल १२३० च्या आसपास होते आणि एक ११५०. एका सेलमध्ये आणि बाकीच्यांत ५० पॉइंटांपेक्षा जास्त फरक असेल तर बाकीचे पाच कितीही चांगले असोत, ती बॅटरी गेली. बाजारात बॅटरीला संजीवनी देणाऱ्या पुड्या मिळतात. ज्या सेलच्या प्लेटा खचल्यात त्याला पुडी काय करणार? बऱ्याच दिवस अर्धी राहून प्लेटांवर सल्फेटचा कडक थर धरलेली, पण सगळे सेल सारखे असलेली बॅटरी मात्र सावकाश, लांब चार्जने कधीकधी सावरते. तेही फक्त पाण्याच्या बॅटरीत. सीलबंद बॅटरीवर हा प्रयोग करू नका.

हेडलाइटच्या बल्बची परीक्षा

सीलबंद बॅटरीत हायड्रोमीटर जात नाही. आणि व्होल्टेज चांगलं असून पोटात काही नसलेली बॅटरी भरपूर बघितली आहे. दुकानातला लोड टेस्टर पाच-दहा सेकंद मोठा करंट ओढतो. इंजिनच्या बॅटरीला ती परीक्षा योग्य. आपल्याला विचारायचंय की रात्रभर फ्रीज चालेल का. त्याला एकच खरी परीक्षा: रात्रीइतकाच वेळ, तेवढाच लोड.

स्पेअर पार्टच्या दुकानातून एच-४ चा ६०/५५ वॅटचा साधा हेडलाइट बल्ब आणा, एलईडी नको. त्याची एकच वात जोडायची. १२ व्होल्टला तो साधारण ५ अँपिअर घेतो. १०० एएचच्या बॅटरीवर छापलेला आकडा बहुधा २० तासांचा असतो, म्हणजे ५ अँपिअरने २० तास, १०.५ व्होल्टवर येईपर्यंत. नेमका तेवढाच लोड हा बल्ब देतो, म्हणून तो मला फार आवडतो. बॅटरी १५० एएचची असेल तर हिशेब दीडपट धरा.

प्लसच्या तारेत १० अँपिअरचा फ्यूज घाला. बल्ब पत्र्यावर किंवा फरशीवर ठेवा. तो इतका तापतो की प्लास्टिकची बादली वितळेल, आणि बाकावरच्या चादरीवर पडला तर भोक ठरलेलं. सकाळी आठला पेटवा आणि दर तासाला बल्ब चालू असतानाच बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्ट मोजून लिहा. लिहाच. डोक्यात ठेवलेले आकडे संध्याकाळपर्यंत आपल्याला हवे तसे बदलतात.

चांगली बॅटरी दहा तासांनी, बल्ब पेटलेला असताना, १२ च्या आसपास असते. तिथे बल्ब काढा, चार तास विश्रांती द्या, १२.२ दिसलं तर निम्मा माल शिल्लक आहे, बॅटरी ठणठणीत. मी १०.५ पर्यंत कधी उतरवत नाही, बिचारीला उगीच मार बसतो. ११.५ ला थांबतो. माझी बॅटरी जेवणाच्या वेळेला, पाचव्या तासालाच ११.५ वर आली. पाच तास गुणिले पाच अँपिअर, म्हणजे निघाले पंचवीस एएच. शंभरातले. क्षमता ८० टक्क्यांखाली गेली की आयुष्य संपलं असं या धंद्यात धरतात. घरगुती वापरात मी ६०-७० पर्यंत ओढेन. पंचवीसला वाद नाही. परीक्षा संपली की लगेच चार्जला लावा, उतरलेली बॅटरी तशीच ठेवली की सल्फेट धरायला सुरुवात होते.

मेली कशाने?

इथे लोक सगळ्यात कमी वेळ देतात. कारण न काढता नवी बसवली तर तीही त्याच वाटेने जाते, फक्त पैसे नवीन लागतात.

गाडी चालते तेव्हा इंजिनवर फिरून वीज बनवणारा पुढचा अल्टरनेटर मागच्या बॅटरीलाही भरतो, असं गाडी बांधणाऱ्याने सांगितलेलं असतं. तपासा. मागची बॅटरी थोडी उतरलेली असताना इंजिन चालू करा, पुढच्या बॅटरीवर मोजा, मग मागच्या बॅटरीवर. माझ्याकडे पुढे १४.२ आणि मागे १३.६. गाडी बांधणाऱ्यांनी ६ चौरस मिमीची तार टाकली होती, जाऊन-येऊन दहा मीटर. एवढ्या तांब्याचा रोध सुमारे ०.०२९ ओहम. २० अँपिअर वाहिले की जवळजवळ ०.६ व्होल्ट तारेतच जिरतात. बरोबर तेवढाच फरक. १३.६ वर शिशाची बॅटरी कधीच पोटभर जेवत नाही. तीच तार २५ चौरस मिमीची केली तर ०.१५ व्होल्टही पडत नाही. अर्थ बॉडीवर रंगलेल्या पत्र्याला बोल्ट मारून घेतला असेल तर रंग खरवडून बघा, निम्मे रोग तिथे असतात. काही नव्या बीएस-६ गाड्यांत अल्टरनेटर इंधन वाचवायला स्वतःच व्होल्टेज खाली आणतो. तिथे जाड तारेनेही भागत नाही, डीसी-डीसी चार्जर (आलेलं व्होल्टेज वाढवून मागच्या बॅटरीला मोजका करंट देणारा) लागतो.

"तुळजापूरला जाऊन आलो की भरते बॅटरी" हे वाक्य मी फार ऐकतो. सोलापूर-तुळजापूर ४५ किलोमीटर, तासाभराचा रस्ता. २० अँपिअर मिळाले तर जाताना २० एएच, येताना २०, तेही आकडे कागदावरचे. आणि शिशाच्या बॅटरीचे शेवटचे २० टक्के भरायला कितीतरी तास लागतात, तुम्ही कितीही जोरात चालवा. तिला आठवड्यातून एकदा तरी रात्रभर घरच्या प्लगवरचा चार्जर हवा.

दुसरं कारण ऊन. बॅटरीचं तापमान साधारण १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्म्यावर येतं. जुळे सोलापुरात आमच्या गल्लीत दुपारी सावली कुठल्याच बाजूला नसते. पत्र्याची बंद गाडी उन्हात उभी, त्यात बाकाखालची बंद पेटी, आणि सोलर दिवसभर वर १४.४ व्होल्टने पाणी उडवतंय. तापलेल्या शिशाच्या बॅटरीला कमी व्होल्टेज लागतं, अंशामागे साधारण २५-३० मिलिव्होल्टने कमी. ४५ अंशांवर १४.४ चं १३.८-१३.९ व्हायला हवं. ते आपोआप करणारा तापमान सेन्सर चांगल्या कंट्रोलरबरोबर येतो. तो बॅटरीलाच चिकटवायचा असतो, कंट्रोलरच्या डब्यात गुंडाळून ठेवायचा नसतो. पाण्याची बॅटरी असेल तर उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी पातळी बघा. फक्त डिस्टिल वॉटर घाला. बोअरचं नाही, घरच्या आरओचंही नाही.

तिसरं कारण चोरटा लोड. सगळं बंद करा. मीटरची लाल तार १० अँपिअरच्या भोकात घाला, बॅटरीची मायनसची तार काढून मधे मीटर लावा. यावेळी पंप किंवा इन्व्हर्टर चालू करू नका, मीटरचा फ्यूज जाईल. अर्धा अँपिअर दिसला तर दिवसाला १२ एएच गेले, चार दिवसांत अर्धी बॅटरी रिकामी. एकेक फ्यूज काढत जा, आकडा पडला की चोर सापडला. बहुधा इन्व्हर्टर नुसता चालू ठेवलेला असतो.

नवी कुठली

ट्यूब्युलर स्वस्त असते, पण अ‍ॅसिडची वाफ झोपायच्या पलंगाखाली नको. ठेवायचीच असेल तर हवाबंद पेटी आणि बाहेर काढलेली नळी हवीच. सीलबंद जेल किंवा एजीएम (दोन्ही शिशाच्याच, अ‍ॅसिड जेलमध्ये किंवा काचेच्या चटईत शोषलेलं) दिवे-पंख्यापुरत्या गाडीला पुरेशी आहे. फ्रीज असेल तर माझं मत लिथियम आयर्न फॉस्फेटकडे झुकतं. शिशाच्या १०० एएचमधून ५० वापरावेत, लिथियममधून ८०-९० निघतात. अर्धी राहिली तरी तिला सल्फेट धरत नाही. शिशाची १०० एएचची सुमारे ३० किलो, ही त्याच्या निम्म्याहून कमी. माझ्या कमरेने यावरच मत दिलं. किंमत बरीच जास्त आणि तापमानाची भीती हिलाही आहे, त्यामुळे सावली सुटत नाही. लिथियम थेट अल्टरनेटरला जोडू नका. ती इतका करंट ओढते की अल्टरनेटर तापून जातो. मधे डीसी-डीसी चार्जर बसवा.

शिशाची घेत असाल तर दुकानातच मीटर लावा. १२.४ पेक्षा खाली असेल तर ती बरेच महिने फळीवर पडलेली आहे, दुसरी मागा. अंगावरचा उत्पादनाचा महिना बघा. वॉरंटी कार्डावर वाहनातला वापर चालतो का तेही वाचा. जुनीशी नवी जोडून "दोनशे एएच" करू नका, जुनी नवीला खाली ओढते.

काढणं आणि बसवणं

अंगठी, घड्याळ, कडं काढा. इन्व्हर्टर बंद, सगळे स्विच बंद. मोबाइलवर तारांचे फोटो काढा. आधी छतावरच्या पॅनेलच्या तारा कंट्रोलरपासून तोडा, नंतर बॅटरी. बॅटरीची मायनस आधी काढा, प्लस नंतर. उलट केलं आणि प्लसवरचा पाना बॉडीला लागला की पाना वितळेल इतका करंट जातो. मायनस सुटलेली असेल तर काही होत नाही. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळून ठेवा. उचलायला दुसरा माणूस बोलवा.

पेटी सोड्याच्या पाण्याने पुसा. नवी बॅटरी पट्ट्याने किंवा पट्टीने जखडा. वरवड्याच्या टोलनाक्याला जोरात ब्रेक लागला तर तीस किलोचा ठोकळा सरकायला नको. आधी प्लस, मग मायनस, शेवटी सोलर. इन्व्हर्टर जोडताना छोटी ठिणगी पडते, त्यातले कपॅसिटर भरतात, घाबरू नका. प्लसवर, बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज हवा, आणि तो तारेला झेपेल एवढाच. पुढची आणि मागची बॅटरी जोडणाऱ्या तारेला दोन्ही टोकांना बॅटरी आहे, म्हणून फ्यूजही दोन्ही टोकांना. हे बऱ्याच बांधलेल्या गाड्यांत नसतं.

लिथियम घातली तर कंट्रोलर आणि चार्जरची सेटिंग बदलल्याशिवाय सोलर जोडू नका: १४.२ ते १४.४ ला भरणं, फ्लोट (भरल्यावर धरून ठेवायचं व्होल्टेज) १३.५ च्या आसपास, इक्वलायझेशन (शिशाच्या सेलना मुद्दाम दिलेला जादा चार्ज) बंद, तापमानानुसार व्होल्ट बदलणंही बंद. हिचं व्होल्टेज १३ च्या वर सपाट चालतं, त्यामुळे व्होल्टवरून किती उरलं ते कळत नाही. मायनसच्या तारेत शंट (करंट मोजायची पट्टी) असलेला मॉनिटर बसवा, आत गेलेले आणि बाहेर पडलेले अँपिअर तो मोजतो. एखाद्या सकाळी मीटरवर शून्य दिसलं तर घाबरून दुकानात जाऊ नका. आतल्या संरक्षण सर्किटने बॅटरी मुद्दाम तोडून ठेवलीय, लोड काढून लिथियमच्या चार्जरला लावली की बहुधा जागी होते.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका आणि अ‍ॅसिड गटारात ओतू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती विक्रेत्याकडे किंवा नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे जायला हवी. शिशाच्या बॅटरीचे पैसे नव्या बिलातून वळते होतात, त्यामुळे भाव आधी ठरवा आणि बिलात वेगळी ओळ मागा. बसवलेली तारीख बॅटरीवर मार्करने लिहा. पहिल्या प्रवासाहून आलात की सगळे नट पुन्हा एकदा आवळा. आपल्या रस्त्यांवर ते सैल झालेले असतातच.